सातवीच्या मुलांना जीवाश्म कसे शिकवावेत? काळ्या कातळावरच्या एका शाळेतून

कोयनाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत मी सहावी ते आठवीच्या वर्गांना विज्ञान आणि भूगोल शिकवते. जीवाश्म आणि उत्क्रांती हा भाग राज्याच्या पाठ्यपुस्तकांत खऱ्या अर्थाने दहावीच्या विज्ञानात येतो. परंतु तोपर्यंत चित्रपटांतले डायनोसॉर मुलांच्या डोक्यात इतके घट्ट बसलेले असतात की नंतर ते हलवणे कठीण जाते. म्हणून यंदा सातवीसाठी आठ तासिकांचा एक उपक्रम आखते आहे आणि त्यासाठी येथील जाणकारांची मदत हवी आहे.

गेल्या वर्षी मी हाच प्रयत्न केला होता आणि तो फसला, हे आधीच सांगून टाकते. प्लॅस्टिकचे डायनोसॉर आणले, चित्रफिती दाखवल्या, मुलांनी नावे धडाधड पाठ केली. शेवटच्या तासाला ‘डायनोसॉरच्या काळातील एक दिवस’ या विषयावर चित्र काढायला सांगितले, तेव्हा निम्म्याहून अधिक चित्रांत भाला घेतलेला माणूस होता आणि एका चित्रात तर मागे तटबंदीसह किल्लाही होता. मुलांना प्राणी कळले होते, काळ मात्र अजिबात कळला नव्हता.

दुसरी अडचण आमच्या जमिनीची आहे. शाळेच्या चारही बाजूंना काळा पाषाण, त्यावर माळ आणि खाली नदीकाठी ऊस. “बाई, आपल्याकडे का नाही सापडत?” असे एका मुलीने विचारले, तेव्हा “आपला खडक अग्निजन्य आहे, जीवाश्म गाळाच्या खडकात मिळतात,” एवढे सांगून मी पुढे गेले. उत्तर चूक नव्हते, पण त्या मुलीचा चेहरा पाहून दार उघडण्याऐवजी आपण ते लावून घेतले, असे मला वाटत राहिले.

सहल काढायची तर जवळ काय पाहता येईल, काळाची लांबी कशी पोहोचवावी आणि हाताने करण्यासारखे प्रयोग कोणते घ्यावेत, याविषयी कृपया लिहा. खर्च फारसा करता येणार नाही.

---

दगडधोंडे

कोयनाकाठ, त्या मुलीचा प्रश्न हाच तुमचा पहिला तास असावा. मी भूविज्ञान शिकवून निवृत्त झालो आहे आणि माझा अनुभव असा की, ‘आपल्याकडे काय नाही आणि का नाही’ येथून सुरुवात केली की मुले खडकाकडे प्रथमच नीट पाहतात.

तुमच्या पायाखालचा कातळ म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांमधून बाहेर पडून पसरत गेलेला लाव्हारस. आज उरलेला त्याचा विस्तारच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरतो आणि सह्याद्रीत त्याची एकूण जाडी काही ठिकाणी दोन किलोमीटरांच्या आसपास जाते. हजार अंशांहून अधिक तापलेल्या रसात प्राणी किंवा पान टिकत नाही, हे मुलांना सांगावेही लागत नाही. खरा प्रश्न पुढचा आहे. हा सगळा लाव्हा एका दिवसात आला का? नाही. एक प्रवाह आला, थंड झाला, त्यावर पाऊस पडला, माती झाली, खळग्यांत तळी साचली, त्यांत गोगलगायी आणि बेडूक नांदले आणि मग पुढचा प्रवाह आला. त्या दोन प्रवाहांच्या मधल्या गाळात जीवाश्म मिळतात. अग्निजन्य खडकाच्या प्रदेशातही जीवाश्म असू शकतात, पण ते दोन पोळ्यांच्या मध्ये लपलेल्या पुरणासारखे असतात. (पुरणपोळीची ही उपमा मी तीस वर्षे वापरली, एकाही विद्यार्थ्याने परीक्षेत ती चुकीची लिहिली नाही.)

याची दोन उदाहरणे आपल्याच राज्यातील आहेत. नागपुरात राहणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला नागपूरजवळच्या टाकळी येथे अशाच मधल्या थरांतून गोड्या पाण्यातील शंख, फळे, बिया आणि कीटकांचे अवशेष गोळा केले. दुसरे उदाहरण मुंबईचे आहे. वरळीच्या भागात लाव्हाच्या थरांमध्ये सापडलेल्या गाळात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे मिळाले आणि ‘डायनोसॉर’ हा शब्द ज्यांनी रूढ केला त्या रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच परिसरातून गोड्या पाण्यातील कासवही मिळाले. आज जेथे गगनचुंबी इमारती आहेत तेथे एके काळी तळ्याकाठी बेडूक होते, हे मुलांना इंग्लंड-अमेरिकेतील कोणत्याही हाडापेक्षा अधिक भावते.

आता सहलीविषयी. तुम्हाला जीवाश्म दाखवता येणार नाहीत, परंतु घाटरस्त्याच्या कापलेल्या कडेला दोन काळ्या थरांमध्ये विटकरी-तांबडा पट्टा अनेकदा दिसतो. भूवैज्ञानिक त्याला ‘बोल’ म्हणतात. खालच्या प्रवाहाचा वरचा भाग हवापाण्याने झिजून तयार झालेली ती माती आहे आणि वरच्या प्रवाहाने ती भाजून काढली आहे. त्या पट्ट्यावर मुलांना हात ठेवू द्या आणि एवढेच विचारा की ही माती तयार व्हायला किती पावसाळे लागले असतील. उत्तर सांगू नका. मात्र रस्त्याच्या वळणावर गाडी थांबवू नका. सुरक्षित, रुंद जागा आधी स्वतः जाऊन पाहून ठेवा.

---

चिंचोका

मी गणिताचा शिक्षक असल्यामुळे काळाच्या लांबीपुरते लिहितो.

४६ मीटर लांबीची सुतळी घ्या आणि ‘१ मीटर म्हणजे १० कोटी वर्षे’ असे प्रमाण धरा. म्हणजे १ सेंटिमीटर १० लाख वर्षांचा आणि १ मिलिमीटर १ लाख वर्षांचा होतो. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे, म्हणून ४५.४ मीटरवर पहिली गाठ मारा. मुलांनी सुतळीचे ‘आज’ हे टोक हातात धरून मागे चालत जायचे. सूक्ष्मजीवांनी थरावर थर रचून तयार केलेले ऑस्ट्रेलियातील सर्वांत जुने खात्रीलायक मानले जाणारे अवशेष जवळजवळ ३५ मीटरवर येतात. हवेत प्राणवायू लक्षणीय प्रमाणात साठू लागला ती गाठ सुमारे २४ मीटरवर. कवच असलेल्या प्राण्यांची गर्दी होते ती थेट ५ मीटर ४० सेंटिमीटरच्या आसपास. पहिले डायनोसॉर सव्वादोन-अडीच मीटरच्या दरम्यान, आणि त्यांचा शेवट व तुमचा काळा कातळ, दोन्ही ६६ सेंटिमीटरवर. आपली मानवजात ३ मिलिमीटरमध्ये संपते.

मग मुलांना विचारायचे की शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक कुठे दाखवाल. साडेतीनशे वर्षे म्हणजे या सुतळीवर ०.००३५ मिलिमीटर होतात. केसाच्या जाडीचा विसावा हिस्सादेखील धड नाही. भाला घेतलेला माणूस आणि किल्ला चित्रातून आपोआप बाहेर पडतात. डायनोसॉरचा शेवट आणि माणूस या दोन गाठींमधले ६५ सेंटिमीटरांचे रिकामे अंतर मुलांच्या हातात असते, आणि ते त्यांनी स्वतः मोजलेले असते.

एक सूचना आवर्जून करतो. मुले इंग्रजी चित्रफिती पाहतात आणि ‘मिलियन’ला सरसकट कोटी म्हणतात. ६६ मिलियन म्हणजे ६६ कोटी नव्हे, ६ कोटी ६० लाख. हे रूपांतर पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून ठेवावे, कारण वर्तमानपत्रांतही ही चूक दहापटीने होते आणि मग सुतळीवरच्या पुढच्या सगळ्या गाठी चुकतात.

---

शंकासुर

चर्चा उत्तम चालली आहे. परंतु हे आकडे ‘मोजले’ असे आपण म्हणतो तेव्हा मुलांना ते कसे पटवायचे? माझ्या मुलाच्या वर्गात ‘कार्बन पद्धतीने वय काढतात’ एवढेच सांगितले गेले. त्याने मला विचारले की डायनोसॉरच्या हाडातला कार्बन कोणी मोजला. मला उत्तर देता आले नाही.

---

चिंचोका

कोणीही मोजला नाही, कारण मोजण्यासारखा तो उरलेलाच नसतो. कार्बन-१४ चा अर्धायुष्यकाळ सुमारे ५,७३० वर्षे आहे, म्हणजे तेवढ्या काळात निम्मा नष्ट होतो, पुढच्या तेवढ्याच काळात उरलेल्यातला निम्मा. साधारण ५० हजार वर्षांच्या पलीकडे ही पद्धत थकते.

हे वर्गात चिंचोक्यांनी दाखवता येते. शंभर चिंचोके फोडून त्यांच्या दोन डाळी करा, म्हणजे सोंगट्यांसारखी एक बाजू काळी आणि एक पांढरी मिळते. त्यांतल्या शंभर डाळी एका डब्यात घालून खुळखुळवा आणि ओता. पांढरी बाजू वर आलेल्या बाजूला काढा, उरलेल्या मोजा, पुन्हा टाका. शंभराच्या सुमारे पन्नास, मग पंचवीस, मग बारा-तेरा होतात आणि सात-आठ डावांत खेळ संपतो. कोणती डाळ कधी बाद होईल हे कोणालाच सांगता येत नाही, पण डाव किती झाले हे उरलेल्या डाळींवरून सांगता येते. मुलांना हा विरोधाभास फार आवडतो. डायनोसॉरच्या शेवटापर्यंत जायचे तर कार्बनचे साडेअकरा हजार डाव खेळावे लागतील, हे त्यांनीच भागाकार करून काढावे.

त्यासाठी संथ चालणारे घड्याळ हवे. पोटॅशियमच्या एका प्रकाराचे रूपांतर आरगॉन वायूत होते आणि त्याचा अर्धायुष्यकाळ सुमारे १२५ कोटी वर्षे आहे. युरेनियमच्या एका प्रकाराचा तर सुमारे ४४७ कोटी.

---

दगडधोंडे

चिंचोका यांच्या म्हणण्याला एक जोड देतो, कारण येथे तुमचा कातळ पुन्हा कामाला येतो. ही संथ घड्याळे बहुतेक वेळा हाडात नसतात, तर लाव्हा आणि ज्वालामुखीची राख यांतील खनिजांत असतात. गाळाच्या थराखालचा आणि वरचा लाव्हा मोजला की मधल्या जीवाश्माचे वय त्या दोहोंच्या दरम्यान अडकते. ज्या खडकात जीवाश्म नाहीत म्हणून तुमची विद्यार्थिनी हिरमुसली, तोच खडक शेजारच्या जीवाश्मांची जन्मतारीख सांगतो.

कार्बन-१४ चे उत्तम उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे येथे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कवचे मिळाली, त्यांतील एका तुकड्यावर माणसाने कोरलेली नक्षी आहे. त्यांचे वय कार्बन पद्धतीने सुमारे २५ हजार वर्षे आले. कवचात कार्बन असतो आणि काळही पद्धतीच्या आवाक्यातला आहे. सुतळीवर हे पाव मिलिमीटर होते. खानदेशात शहामृग धावत होते, हे ऐकल्यावर वर्ग गप्प होतो, याची खात्री बाळगा.

---

वर्धाकाठची

मी मूळची वरोऱ्याकडची. सगळी चर्चा काळ्या कातळाभोवती फिरते आहे, तर विदर्भाची बाजू मांडते.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या डोंगरगाव येथे एका प्रचंड शाकाहारी डायनोसॉरच्या सांगाड्याचा मोठा भाग मिळाला आणि १९९७ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन झाले. आज त्याला ‘इसिसॉरस’ म्हणतात. नावातील ‘इसि’ म्हणजे कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था (इंग्रजी आद्याक्षरे आय-एस-आय). संख्याशास्त्राच्या संस्थेत हाडे कशी आली, असे मुले नक्की विचारतील. संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी पामेला रॉबिन्सन या ब्रिटिश पुराजीवशास्त्रज्ञ बाईंना तेथे बोलावले आणि भूविज्ञानाचा विभाग उभा राहिला. गोदावरी खोऱ्यात त्याच संस्थेने खणून काढलेल्या दुसऱ्या महाकाय प्राण्याचे नाव ‘बरापासॉरस टागोरी’ आहे. ‘बरा पा’ म्हणजे बंगालीत मोठा पाय, आणि टागोर तर सर्वांनाच ठाऊक आहेत. लॅटिन नावांना घाबरणाऱ्या मुलांना हे नाव पहिल्यांदा सांगावे.

परंतु सातवीच्या मुलांसाठी आमच्याकडची सर्वांत मोलाची वस्तू हाड नाही. त्याच भागातील पिसदुरा येथे डायनोसॉरच्या अश्मीभूत विष्ठेचे गोळे सापडतात. होय, शेणच. वर्गात पाच मिनिटे हशा होईल, तो होऊ द्यावा. २००५ मध्ये वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गोळ्यांतून गवताचे सूक्ष्म सिलिका-कण वेगळे काढले. त्याआधी डायनोसॉरच्या काळात गवत असल्याचा ठोस पुरावा नव्हता. त्या जनावरांच्या पोटात काय गेले होते, ते अशा रीतीने दगड झालेल्या शेणाने सांगितले.

कोयनाकाठ, तुमच्याकडे ऊस आहे ना? उसाचे पाचट सोलताना हात कापतात, ते पातीच्या कडेवरील सिलिकायुक्त दातऱ्यांमुळे. ऊस, ज्वारी, भात, बांबू ही सगळी गवतेच. पान कुजते, पण हे काचेसारखे कण कुजत नाहीत. तुमच्या मुलांना हे हाताने माहीत आहे.

---

कोयनाकाठ

वर्धाकाठची, हे वाचून मी अक्षरशः खुर्चीतून उठले. पाचटाने हात कापलेला नाही असे एकही मूल माझ्या वर्गात नसेल. पिसदुऱ्याचा एखादा गोळा वर्गात दाखवण्यासाठी मिळू शकेल का?

---

वर्धाकाठची

छायाचित्रे पाठवते, गोळा मात्र नाही. जो तो एकेक उचलून नेत राहिला तर अभ्यासकांना काहीच उरणार नाही, आणि जागेवरून हललेला जीवाश्म निम्मा मुका होतो. तो कोणत्या थरात होता, शेजारी काय होते, हे त्याच्याबरोबर जात नाही. मुलांनाही हे याच वयात सांगितलेले बरे.

---

डॉर्सेटकर

नोकरीनिमित्त आम्ही इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर राहतो, म्हणून अगदी उलट परिस्थितीतले सांगतो. येथे चारमथच्या किनाऱ्यावर भरती ओसरली की मुले वाळूतून अमोनाइटचे, म्हणजे वेटोळ्या कवचाच्या एका समुद्री प्राण्याच्या जीवाश्मांचे, तुकडे सहज उचलतात. नियम एवढाच की सुटे पडलेले घ्यायचे आणि कड्याच्या पायथ्याशी जायचे नाही, कारण कडे ढासळतात. माझ्या मुलीची टोपली भरते, पण खरे सांगायचे तर ते सारे तिला गोट्या जमवण्यासारखेच वाटत होते. तिला पहिल्यांदा प्रश्न पडला तो पुण्याला आजीच्या देवघरात, शाळिग्राम पाहून. “हा आमच्या बीचवरचा दगड इथे कसा?”

शेजारच्या लाइम रीजिस गावातील मेरी ॲनिंगची गोष्ट मात्र अवश्य सांगा. १८११ मध्ये तिच्या भावाला एका समुद्री सरीसृपाची कवटी दिसली आणि पुढच्या वर्षी तिने त्याचा उरलेला सांगाडा शोधला. तेव्हा ती तुमच्या सातवीतल्या मुलींएवढी होती. घरची गरिबी, किनाऱ्यावरचे शंख-जीवाश्म विकून चालणारे पोट, आणि स्त्री असल्यामुळे लंडनच्या भूविज्ञान मंडळाचे दार बंद. पोटाच्या भागात सापडणारे विचित्र गोळे म्हणजे विष्ठा असावी, हे तिच्या निरीक्षणांवरून भूवैज्ञानिक विल्यम बकलंड यांना उमगले. पिसदुऱ्याशी धागा तेथेच जुळतो. गावात २०२२ मध्ये तिचा पुतळा उभा राहिला, तो एका शाळकरी मुलीने सुरू केलेल्या मोहिमेतून.

---

तुळशीवृंदावन

डॉर्सेटकर यांनी शाळिग्रामाचा उल्लेख केला आहे, म्हणून जरा काळजीने लिहिते. आमच्या घरी शाळिग्रामाची नित्य पूजा होते. तो अमोनाइट या प्राण्याचा जीवाश्म आहे, हे मला ठाऊक आहे आणि त्यामुळे माझी पूजा अडलेली नाही. परंतु वर्गात ‘तुम्ही ज्याला देव म्हणता तो खरे तर गोगलगाय आहे’ अशा सुरात सांगितले गेले, तर मूल घरी जाऊन ते त्याच सुरात बोलेल आणि दुसऱ्या दिवशी पालक शाळेत येतील. माझ्या भाच्याच्या शाळेत तसे घडले होते.

---

दगडधोंडे

आपली सूचना योग्य आहे. शिवाय ते विधान शास्त्रदृष्ट्याही चुकीचे ठरेल, कारण अमोनाइट हा गोगलगायीचा नव्हे, तर माखली-माकुळाचा नातेवाईक आहे. कवचाचा वेटोळा पाहून फसगत होते. आतून त्याचे कप्पे पाडलेले असत आणि प्राणी फक्त शेवटच्या कप्प्यात राहून उरलेल्यांच्या आधारे पाण्यात तरंगत असे. कोकणातील मुलांना बाजारातील माकूळ दाखवून हे सांगणे सोपे जाते.

मी वर्गात असे सांगत असे की, शाळिग्राम नेपाळमध्ये मुक्तिनाथच्या परिसरातील काळी गंडकीच्या पात्रात मिळतो. तो समुद्रातल्या प्राण्याचा ठसा आहे. मग तो हिमालयात कसा? मुले स्वतः सांगतात की तेथे समुद्र असणार. तेथे पूर्वी असलेला टेथिस समुद्र, उत्तरेकडे सरकणारा भारत, तळाच्या गाळाचा उंचावलेला डोंगर, हे सारे त्या एका प्रश्नाच्या मागे येते. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हे दगड वेचले, जपले आणि त्यांवरील ‘चक्रां’चे प्रकार ओळखले, त्यांची नजर बारीक होती, एवढे मी आवर्जून म्हणत असे.

मध्य प्रदेशातील धार जिल्ह्याचे उदाहरणही याच जातीचे आहे. पाडल्या गावातील काही कुटुंबे शेतात मिळालेले गोल दगड ‘काकड भैरव’ म्हणून पुजत होती. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या तज्ज्ञांनी ती डायनोसॉरची अंडी असल्याचे सांगितल्याची बातमी २०२३ च्या अखेरीस आली. त्याच वर्षाच्या आरंभी धार परिसरातील ९२ घरट्यांतील २५६ अंड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता.

मात्र सावध राहा. आपल्याकडे कातळ झिजताना कांद्यासारखे पापुद्रे सुटून आत गोल धोंडा उरतो. एका सहलीत वाटाड्याने मुलांना असे धोंडे ‘डायनोसॉरची अंडी’ म्हणून दाखवलेले मी स्वतः ऐकले आहे. तसेच दगडाच्या फटीवर नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसते, ती वनस्पती नसून मँगनीजच्या क्षारांची रांगोळी असते. ‘हे जीवाश्म नाही, कशावरून?’ असा एक तास तुम्ही तुमच्याच माळावर घेऊ शकता, आणि त्यासाठी साहित्य विपुल आहे.

---

शंकासुर

एक नाजूक प्रश्न. पुराणांतील कल्प ४३२ कोटी वर्षांचा आहे आणि पृथ्वीचे वय ४५४ कोटी. हे मुलांना जुळवून सांगावे का? आमच्याकडे एक व्याख्याते हेच सांगतात आणि टाळ्या मिळवतात.

---

दगडधोंडे

मी जुळवत नाही. आपल्या पूर्वजांना कोटींच्या संख्या मनात धरता येत होत्या, हे अभिमानाने सांगावे. परंतु ४५४ हा आकडा उल्का आणि खनिजे यांतील युरेनियम-शिशाच्या मोजणीतून आला आहे आणि उद्या अधिक चांगली मोजणी झाली तर तो थोडा बदलेल. कल्पाचा आकडा बदलत नाही, कारण तो मोजणीतून आलेला नाही. दोन आकडे जवळ आले म्हणून दोन रीती एक होत नाहीत. सातवीच्या मुलाला हा फरक कळतो. टाळ्या मिळत नाहीत, इतकेच.

---

गणपतीकारखाना

माझा व्यवसाय मूर्तिकामाचा आहे, भूविज्ञानातले कळत नाही. पण हाताने करण्यासारखे विचारले आहे म्हणून लिहितो. शाडूच्या ओल्या लाद्यांवर शिंपला दाबा आणि अलगद काढा. जो खळगा उरतो तो साचा. त्यात प्लास्टरचे दाटसर द्रावण ओता, घट्ट झाल्यावर सोडवा. शिंपल्याचा एक कणही आत नसताना हुबेहूब शिंपला हातात येतो. शाडू फार ओली असेल तर कडा बसतात आणि कोरडी असेल तर भेगा जातात. पोळीच्या कणकेपेक्षा किंचित घट्ट ठेवावी. आधी शिंपल्याला तेलाचे बोट लावावे. उरलेले प्लास्टर मोरीत ओतू नये, नळ तुंबतो.

---

दगडधोंडे

हे नेमके तसेच आहे. अनेक जीवाश्म म्हणजे मूळ कवच विरघळून गेल्यावर उरलेला साचा, किंवा त्या साच्यात नंतर भरलेल्या खनिजाची ‘मूर्ती’. हाड किंवा लाकूड दगड होते ते निराळ्या रीतीने. त्याच्या सूक्ष्म छिद्रांत पाण्यातील खनिजे शिरतात आणि साठत जातात. स्पंजचा तुकडा तुरटीच्या संपृक्त द्रावणात बुडवून आठवडाभर वाळवला की याचा अंदाज येतो.

पण या सगळ्याआधी एक प्रश्न असतो, जो शाळांत कोणी घेत नाही: मेलेल्या बहुतेक जीवांचे जीवाश्म का होत नाहीत? जुलैमध्ये दोन कुंड्या घ्या. एकीत तळ्याचा बारीक चिखल भरा, दुसरी उघडी ठेवा. दोन्हींत कोंबडीचे हाड, शिंपला, पिंपळपान आणि काकडीची फोड ठेवा आणि दिवाळीनंतर पाहा. पुस्तकात जपलेल्या पिंपळपानाची जाळी होते हे मुलांना ठाऊक असते. काय जाते आणि काय राहते, याचा तो पहिला धडा आहे.

झटपट पुरण्याचे नाट्यमय उदाहरण गुजरातेतील आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांनी १९८० च्या दशकात धोली डुंगरी येथे अंडी आणि पिलाच्या हाडांचा एक नमुना गोळा केला. त्याच दगडात सापाची हाडे आहेत, हे पुढे २००१ मध्ये पुराजीवशास्त्रज्ञ जेफ्री विल्सन यांच्या लक्षात आले आणि २०१० मध्ये ‘सनाजेह इंडिकस’ या नावाने तो प्रसिद्ध झाला. सुमारे साडेतीन मीटरांचा साप, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घातलेला, जवळ अर्ध्या मीटरचे पिलू, आणि त्या क्षणी सगळ्यांवर आलेला गाळ. मुलांना गोष्ट म्हणून सापच लक्षात राहील; तुम्ही मात्र हेही सांगा की तो दगड हातात असूनही साप दिसायला जवळजवळ दोन दशके लागली.

---

कोयनाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दिवाळीच्या सुट्टीनंतर लिहिते आहे, कारण कुंड्या उघडल्याशिवाय लिहू नये असे ठरवले होते.

सुतळीचा तास मैदानावर घेतला. सुतळी मापापेक्षा दोन मीटर कमी भरली, त्यामुळे पृथ्वीचा जन्म बांधावरच्या बोरीच्या झाडावर खडूने लिहावा लागला. चिंचोक्यांच्या आलेखात एका गटाचा तिसरा डाव अपेक्षेपेक्षा बराच वर गेला. तो खोडून ‘बरोबर’ करायला निघालेल्या मुलाला थांबवून सर्व गटांची बेरीज केली, तेव्हा रेषा दर डावाला जवळजवळ निम्म्यावर येत गेली. घाटातला तांबडा पट्टा दाखवला. एका मुलाने त्याची पूड ओली करून बोटाला लावली आणि आजी चुलीपुढे गेरू लावते तसाच रंग आहे, असे सांगितले.

उघड्या कुंडीतले हाड कुत्र्याने पळवले, हा निष्कर्ष मुलांनी वहीत ‘भक्षकाने नेले’ असा नोंदवला आहे. चिखलातले हाड आणि शिंपला जसाच्या तसा होता, काकडीचा मागमूस नव्हता, पानाच्या मात्र शिरा चिखलावर उमटल्या होत्या.

यंदाही शेवटी तेच चित्र काढायला सांगितले. अडतीसपैकी दोघांनी माणूस काढला. बहुतेकांनी गवत काढले आहे, आणि शेणही. किल्ला एकाच चित्रात आहे. विचारल्यावर ती मुलगी म्हणाली की तो किल्ला नाही, ज्या कातळावर पुढे किल्ला बांधला तो कातळ आहे, आणि तो अजून गरम आहे.

गेल्या वर्षी ‘आपल्याकडे का नाही’ असे विचारणारी मुलगी आता आठवीत आहे, पण मधल्या सुट्टीत येऊन बसत असे. तिचा प्रश्न येथे मांडते, कारण मला उत्तर नक्की देता आले नाही: वरळीच्या बेडकांना लाव्हाने मारले का?

---

दगडधोंडे

तिला सांगा की लाव्हाने मारले असते तर सांगाडा उरला नसता. ते बेडूक आधीच मेले होते आणि तळ्याच्या बारीक गाळात थर चढत जाऊन झाकले गेले होते. वरचा प्रवाह पुष्कळ नंतर आला. ते कशाने मेले, हे शोधायचे तर लाव्हाकडे नव्हे, त्या गाळाकडे पाहावे लागेल. आणि तिला भूविज्ञानाच्या एखाद्या महाविद्यालयीन संग्रहात घेऊन जाता आले तर पाहा. तेथे लाव्हाच्या मधल्या थरांतले गोड्या पाण्यातील शंख बहुधा असतात; भिंग घेऊन जा, कारण ते लहान असतात.